बँड पुन्हा जमतोय: नवी गाणी करावीत, की शिळ्या कढीला ऊत?

अर्धीतार
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

१४ वर्षांपूर्वी आमचा चौघांचा रॉक बँड होता. मी गिटारवर, एक मित्र बेसवर, दुसरा ड्रमवर आणि गायला एक मैत्रीण. पाठीशी कुठली रेकॉर्ड कंपनी नाही, मॅनेजर नाही. पदरमोड करून ६ गाण्यांची एक सीडी काढली. ५०० प्रती केल्या, त्यातल्या ३०० हून जास्त अजून माझ्या माळ्यावर आहेत. (बँडचं नाव विचारू नका. तेव्हा भारी वाटायचं.) पुढे कुणाला वेळ जमेना, माणसं पांगली आणि बँड थांबला.

गेल्या आठवड्यात रात्री पाऊण वाजता बेसवाल्यानं ४० सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं. फोनवरच केलेलं, मागे पंखा घरघरतोय. खाली एकच ओळ : 'बघ काही सुचतंय का.'

सुचलं. पहाटे तीनपर्यंत जागा होतो. गिटारच्या तारा गंजलेल्या, बोटं सोलली, पण सुचलं.

आता गटात दोन मतं आहेत. बेसवाला म्हणतो नवीन गाणी करू. गाणारी म्हणते एकदा भेटू, जुनी सहा वाजवू, हसू आणि घरी जाऊ. ड्रमवाल्याचं उत्तरच नाही. तुम्हाला काय वाटतं? मोडलेल्या बँडनं पुन्हा जमून नवं काही केलं आणि ते खरंच चांगलं झालं, असं घडतं का?

खर्जातला
पहिला! सविस्तर नंतर लिहितो.
आधी नाव सांगा.

फुकटचा_श्रोता
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. करू नका.

'आता एक नवीन गाणं' असं मंचावरून ऐकू आलं की निम्मं प्रेक्षागृह पाय मोकळे करायला उठतं. मी स्वतः उठतो. लोकांना तुमचा बँड नको असतो, त्यांना त्यांचं विसावं वर्ष हवं असतं. पेव्हमेंट या अमेरिकन बँडनं हे ओळखलं. १९९९ ला थांबले, २०१० ला जमले, २०२२ ला परत जमले, आणि दोन्ही वेळा जुनीच गाणी वाजवली. नवा अल्बम काढला नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही. उलट द स्टोन रोझेस पाहा. २०११ मध्ये परतल्याची केवढी मोठी घोषणा, २०१६ मध्ये दोन नवी गाणी, आणि पुढे शांतता. ती दोन गाणी आज कोण गुणगुणतं?

टेपरेकॉर्डर
@फुकटचा_श्रोता, सोयीची उदाहरणं तेवढी उचललीत.

डायनोसॉर ज्युनियर. मूळ तिघांनी पहिल्या डावात, म्हणजे १९८५ ते १९८८ मध्ये, तीन अल्बम केले. १९८९ ला बेसवाल्या लू बार्लोला बाहेर काढलं. तेही कसं, तर बँडच मोडतोय असं त्याला सांगितलं आणि बँड मात्र त्याच्याशिवाय चालू ठेवला. २००५ ला तेच तिघं परत एकत्र आले. २००७ ला नवा अल्बम, मग २००९, २०१२, २०१६, २०२१. पहिल्या डावात ३, दुसऱ्यात ५. आणि दुसऱ्या डावातले भरतीचे नाहीत. मी दोन्ही डाव घरी सारखेच वाजवतो.

तेव्हा अर्धीतार, घडतं असं. बेलाशक करा.

रिकामी_ओंजळ
लू बार्लोच्या जागी मी असते तर परत गेलेच नसते. किंवा गेले असते आणि दर गाण्यात एक स्वर मुद्दाम चुकवला असता.

खर्जातला
@ओंजळ, तो बेस आहे हो. चुकवला तरी कुणाला कळणार :ड

रिकामी_ओंजळ
मी बेसच वाजवते.

खर्जातला
__/\__ शब्द मागे.

भुईनळा
दोन्ही बाजूंना थोडं थोडं तेल ओततो.

पिक्सीज १९९३ मध्ये मोडला. गायकानं आधी रेडिओच्या मुलाखतीत जाहीर केलं आणि सोबत्यांना नंतर कळवलं, त्यातल्या दोघांना तर फॅक्सनं. २००४ ला परतले, जगभर फिरले, तिकिटं हातोहात गेली. पण नवा अल्बम यायला पुढची १० वर्षं गेली. तो २०१४ ला आला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी बेसवाली किम डील बँड सोडून गेली होती. म्हणजे जुनी गाणी वाजवत चौघं ९ वर्षं एकत्र राहिली, आणि नव्या गाण्यांच्या दारात तीनच उरली.

यातून कुणी काय घ्यायचं ते घ्या. मला इतकंच दिसतं की जुनं वाजवताना भांडायला जागा नसते. सगळं आधीच ठरलेलं असतं. नवं करायला बसलात की 'हे कडवं कशाला', 'हा तुकडा माझा होता', सगळी जुनी भुतं जागच्या जागी हजर.

मुक्ताछंद
फॅक्सनं! निदान कागद तरी हातात मिळाला. आमच्या बँडमधून मला व्हॉट्सॲप गटातून काढून टाकून कळवलं होतं.

टेपरेकॉर्डर
@मुक्ताछंद, धागा काढा त्यावर. वाचायला आवडेल.

कानसेन
चर्चा गायन-वादनावर चालली आहे, मी कानांबद्दल बोलतो. (पोटापाण्याचा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

मिशन ऑफ बर्मा हा बँड १९७९ ते १९८३ असा जेमतेम चार वर्षं टिकला, आणि थांबला तो भांडणामुळे नव्हे. गिटारवादक रॉजर मिलरच्या कानांत सतत शिट्टी वाजायला लागली म्हणून. २००२ मध्ये परतले तेव्हा तो नेमबाजीच्या मैदानावर घालतात तसे जाड कर्णरक्षक लावून मंचावर उभा राहायचा, आणि ड्रमपुढे पारदर्शक पडदा असायचा. पहिल्या डावात त्यांचा एक छोटा आणि एक पूर्ण अल्बम होता. परतल्यावर २००४ ते २०१२ मध्ये चार पूर्ण अल्बम केले.

आता कामाचं. ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या जागी सुरक्षित धरलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम आणि दोन अँप्लिफायर सुरू असतील तर १०० सहज गाठता. विशीत कान हे सोसतात असं वाटतं. सोसत नाहीत, फक्त बिल उशिरा येतं. पहिल्या सरावाआधी कानात घालायचे चांगले प्लग घ्या. कापसाचे बोळे नव्हे.

फुकटचा_श्रोता
हे मात्र मान्य. माझ्या डाव्या कानात २००८ पासून एक कोमल निषाद वाजतोय.

खर्जातला
@फुकटचा_श्रोता, म्हणून नवी गाणी आवडत नाहीत होय तुम्हाला. त्यांची पट्टी जुळत नसणार.

जुना_ठोकळा
मी ड्रम वाजवायचो. २० वर्षं झाली सोडून.

धाग्यात एक वाक्य आहे, 'वेळ जमेना, माणसं पांगली'. अर्धीतार, तीन बँडांत काढलेल्या माणसाचं ऐका : वेळ जमेना हे कधीच कारण नसतं. ज्याला वाजवायचंय तो रात्री दोनला वेळ काढतो, तुम्हीच पहाटे तीनपर्यंत काढलात की. आणि उत्तर न देणारा नेमका ड्रमवाला आहे. झालं काय होतं?

अर्धीतार
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे मनापासून आभार. डायनोसॉर ज्युनियरचा हिशोब बेसवाल्याला पाठवला, तो आता आम्हीही ५ अल्बम करणार असं सगळ्यांना सांगत सुटलाय. कानसेन, प्लग मागवले.

@जुना_ठोकळा, तसं विशेष काही झालं नव्हतं. शेवटी शेवटी जरा कुरबुरी होत्या, सगळ्याच बँडांत असतात तशा.

जुना_ठोकळा
बरं.

रिकामी_ओंजळ
हा 'बरं' मला ओळखीचा आहे. आमचा ड्रमर असाच 'बरं' म्हणायचा आणि मग पुढचं गाणं २० बीपीएमनं (म्हणजे मिनिटाला २० ठोक्यांनी) जास्त वेगात काढायचा.

निळी_धून
मी वाजवत नाही, फक्त ऐकते. पण मूळ प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

स्लोडाइव्ह. १९९५ मध्ये त्यांचा तिसरा अल्बम आला आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं त्यांना काढून टाकलं. त्या काळी समीक्षक त्यांची टर उडवायचे. त्यातले काही जण दुसऱ्या नावानं अगदी वेगळं, शांत, लोकगीतांच्या वळणाचं वाजवायला लागले. २०१४ ला परत जमले आणि २०१७ ला नवा अल्बम आला, तब्बल २२ वर्षांनी.

मला भीती होती. जी गाणी ऐकत मी मोठी झाले त्यांवर कुणी नवा रंग फासू नये असं वाटायचं. रात्री दिवा घालवून हेडफोन लावला, आणि पहिल्या गाण्याची गिटार उघडत गेली तशी भीती गेली. आवाज तेच होते, पण २० वर्षांच्या पोरांचे नव्हते. जुन्या अल्बममध्ये धुकं असायचं, इथे धुक्यातून चालून आलेली माणसं दिसत होती. पुढचा अल्बम २०२३ ला आला. तो गायिका रेचल गॉस्वेलच्या आईला आणि ड्रमर सायमन स्कॉटच्या वडिलांना अर्पण केलेला आहे, दोघंही २०२० मध्ये गेले. ते कळल्यावर तो परत ऐकला. विशीत त्यांना हे लिहिता आलंच नसतं.

माझं मत, नवी गाणी करावीत. पण २२ व्या वर्षी काय वाटायचं ते आठवून आठवून लिहू नका. आता काय वाटतं ते लिहा.

मुक्ताछंद
@निळी_धून, वाचताना काटा आला. मीही तो अल्बम अंधारातच ऐकला होता.

फुकटचा_श्रोता
ठीक आहे, स्लोडाइव्ह माझ्याकडून अपवाद.

टेपरेकॉर्डर
अपवादांची वही काढा आता. माय ब्लडी व्हॅलेंटाइन : १९९१ नंतर थेट २ फेब्रुवारी २०१३, स्वतःच्याच संकेतस्थळावरून. रात्रीतून एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळच झोपलं. स्लीटर-किनी : २००६ ला थांबले, मग गुपचूप रेकॉर्डिंग केलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जुन्या अल्बमचा संच निघाला, त्याच्या खोक्यात एक छोटी तबकडी होती. त्यावर फक्त तारीख, २० जानेवारी २०१५. लोकांनी वाजवून पाहिली तर नवं कोरं गाणं! नवा अल्बम त्याच तारखेला आला. द फीलीज : १९९२ ला थांबले, २००८ ला परतले, २०११ ला अल्बम. अमेरिकन फुटबॉल : पहिला १९९९ ला, दुसरा २०१६ ला. स्वान्स : १९९७ ला बंद, २०१० ला नवा अल्बम.

अजून देऊ?

फुकटचा_श्रोता
नको. ह्या यादीत वाईट निघालेले का नाहीत, एवढंच सांगा.

टेपरेकॉर्डर
कारण वाईट निघालेले मी परत ऐकत नाही.

खर्जातला
लोल. हे प्रामाणिक होतं.

भुईनळा
अवांतर : यात इंडस क्रीड कुणालाच आठवला नाही? आधी रॉक मशीन, मग इंडस क्रीड, १९९७ ला मोडला, २०१० ला परतले आणि २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' काढला. त्यात जुन्या गाजलेल्या गाण्यांची झेरॉक्स नव्हती, आणि बेसवाला-ड्रमवाला जोडीही नवी होती.

कागदी_घोडे
बेसवाला-ड्रमवाला बदलला तर तो तोच बँड म्हणायचा का?

भुईनळा
झालं, काडी पडली.

टेपरेकॉर्डर
गाणी लिहिणारे तेच असतील तर तोच बँड.

जुना_ठोकळा
ड्रमवाला बदलला की बँड बदलला. गाण्याचा चेहरा गायक असतो, पण गाणं चालतं कसं हे ड्रमवाला ठरवतो. चाल दुसऱ्याची असली की ओळखीचा माणूसही लांबून ओळखू येत नाही.

खर्जातला
मी बाजूला बसून शेंगदाणे सोलतोय. चालू द्या.

कानसेन
मूळ मुद्द्याला धरून एक तांत्रिक गोष्ट, कारण तुम्ही बहुधा चौघं चार ठिकाणी असणार.

ऑनलाइन, थेट, एकाच वेळी वाजवायच्या फंदात पडू नका. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे खोलीत तुमच्यात आणि ड्रममध्ये ३ मीटर अंतर असेल तर ९ मिलिसेकंदांचा उशीर आधीच असतो, आणि तो कुणाला जाणवत नाही. तोच उशीर २०-३० मिलिसेकंदांवर गेला की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघायला लागतो आणि गाणं हळूहळू बसतं. घरच्या नेटवर त्याहून जास्त होतोच. तेव्हा फाइली पाठवा, एकावर एक थर चढवा, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष भेटा.

दुसरं, सगळ्यांचा सँपल रेट (रेकॉर्डिंग करताना सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) आधी ठरवून घ्या. एका बँडची फाइल माझ्याकडे ४८ किलोहर्ट्झची आली, आणि समोरचा प्रकल्प होता ४४.१ चा. रूपांतर न होता ती तशीच वाजली. ८ टक्के मंद आणि जवळजवळ दीड सेमीटोन (अर्धस्वर) खाली. सगळे गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. एक जण हळूच म्हणाला, 'वय झालं रे त्याचं.' दुसरा म्हणाला, 'पण आवाजाला खोली आलीय.' मी सेटिंग बदललं तेव्हा दोघंही गप्प.

रिकामी_ओंजळ
आवाजाला खोली आलीय =)) =))
मेले.

मुक्ताछंद
गायिकेच्या बाजूनं थोडं. जुनी गाणी २२ व्या वर्षीच्या आवाजासाठी बांधलेली असतात. ती 'एकदा वाजवू, हसू आणि घरी जाऊ' म्हणते यामागे कदाचित हेच असेल, की वरचे स्वर आता लागणार नाहीत आणि ते चारचौघांत कळेल. मला हे कुणाला सांगायला दोन वर्षं लागली. आमच्या गिटारवाल्यानं एक दिवस न बोलता सगळ्या तारा अर्ध्या स्वरानं उतरवल्या आणि म्हणाला, 'माझ्या बोटांना सोपं जातं.' खोटं बोलला. इतकं गोड खोटं माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

नव्या गाण्याचा हाच फायदा. ते आजच्या गळ्यावर बेतता येतं. ती नवीन गाण्यांच्या विरोधात नसेल, जुन्यांनाच घाबरत असेल. विचारून बघा.

अर्धीतार
@मुक्ताछंद, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आम्ही तिला सांगत होतो की जुनी तर वाजवूच, आणि वर नवीही करू. म्हणजे उलटंच. आज फोन करतो.

कागदी_घोडे
रसभंगाबद्दल आधीच क्षमा मागतो, पण कुणीतरी हे बोलायला हवं.

गाण्याचे हक्क दोन वेगळे असतात : एक शब्द-चालीचा, दुसरा त्या ठरावीक ध्वनिमुद्रणाचा. स्वतंत्र बँडमध्ये दोन्ही बहुधा आपल्याच हातात असतात, आणि म्हणूनच कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं. कंपनी असती तर निदान वकिलानं लिहिलं असतं. नवं गाणं झालं की त्याच दिवशी एका कागदावर लिहा : शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटणी कशी, सह्या आणि तारीख. चौघांत समान वाटणी केली तर निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत. बँडचं नाव कुणाचं आणि एखादा गेला तर ते कोण वापरणार, हेही लिहा. हे प्रेमात असतानाच लिहायचं असतं.

आणि जुनी सहा गाणी कुठे चढवणार असाल तर चौघांची परवानगी घ्या. ड्रमवाल्याचीही.

फुकटचा_श्रोता
नाव सांगितलंच नाही त्यांनी, हक्क कसला नोंदवताय.

ब्रिटपॉपी
उशिरा आलो. ब्लरचं कुणी लिहिलं नाही? २०१३ मध्ये दौऱ्यातला एक कार्यक्रम रद्द झाला, हाँगकाँगमध्ये अडकले, तर ५ दिवस तिथल्याच एका छोट्या स्टुडिओत जाऊन बसले. मग ते सगळं दीड वर्ष पडून राहिलं. पुढे गिटारवाल्या ग्रॅहम कॉक्सननं निर्माता स्टीफन स्ट्रीटला हाताशी धरून ते तुकडे जुळवले, आणि २०१५ ला अल्बम आला.

टेपरेकॉर्डर
आपण इथे इंडी, म्हणजे स्वतंत्र बँडांबद्दल बोलतोय. ब्लर इंडी नाही.

ब्रिटपॉपी
इंडी म्हणजे कंपनीचा प्रकार की गिटारचा आवाज, हे एकदा ठरवा राव.

टेपरेकॉर्डर
कंपनीचा. शब्दाचा मूळ अर्थच स्वतंत्र कंपनी.

ब्रिटपॉपी
मग पिक्सीजचे बरेच अल्बम अमेरिकेत मोठ्या कंपनीमार्फत विकले गेले, ते कसे चालतात तुम्हाला?

भुईनळा
या वादावर आधीच तीन धागे आहेत, तिन्ही कुलूपबंद. इथे नको.

पण उदाहरण चांगलं आहे. त्या ५ दिवसांत 'आपण आता अल्बम करतोय' असं कुणी म्हणत नव्हतं, रिकामा वेळ होता म्हणून वाजवत होते. अर्धीतार, तुमची ती ४० सेकंदंही तशीच आली आहेत. तिला लगेच 'पुनरागमन' वगैरे म्हणू नका.

अर्धीतार
चार दिवस इथे फिरकलो नाही. एक गोष्ट अर्धवट सांगितली होती, ती पूर्ण सांगतो. जुना_ठोकळा, तुमचा तो 'बरं' पचला नाही.

सीडीतलं पाचवं गाणं. ड्रमवाल्याचा ठेका मला तेव्हा पसंत नव्हता, तो समेच्या किंचित मागे वाजवायचा. मी तीनदा सांगितलं, त्यानं तीनदा तसंच वाजवलं. मिक्सिंगच्या, म्हणजे सगळ्यांचे वेगवेगळे ट्रॅक जुळवायच्या रात्री मी एकटाच होतो. त्याचा ट्रॅक काढून टाकला आणि तिथे मशीनचा ठेका टाकला. कुणाला सांगितलं नाही. मुखपृष्ठावर ड्रमपुढे नाव त्याचंच. सीडी छापून आल्यावर आम्ही चौघांनी एकत्र बसून ऐकली. पाचवं गाणं लागलं, त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, काही बोलला नाही. नंतर चार-पाच सराव केले. मग त्याला वेळ जमेना.

माझ्याकडे तो मूळ ट्रॅक अजून आहे. परवा रात्री काढून ऐकला. गाणं कशाबद्दल आहे ते त्या मागे राहणाऱ्या ठेक्यातच होतं. मी घाईत होतो, तो नव्हता.

रिकामी_ओंजळ
अरे देवा.

जुना_ठोकळा
सांगितलंत हे बरं केलंत. या वेळचा 'बरं' खराच.

आता दोन गोष्टी करू नका. एक, गटात माफी मागू नका, तो आणखी एक कार्यक्रम होईल, बाकीचे दोघं बघत असताना. दुसरं, 'आपण परत जमतोय म्हणून' माफी मागू नका. बँड होवो न होवो, ती उधारी वेगळी आहे. फोन लावा. उचलला नाही तर लिहून पाठवा आणि त्यात 'पण' हा शब्द येऊ देऊ नका.

माझ्या बाबतीत असा फोन कधी आला नाही. आला असता तर मी काय म्हणालो असतो हे माहीत नाही, पण आज ड्रम माळ्यावर नसते.

टेपरेकॉर्डर
+१. लू बार्लोबद्दल मी वर इतक्या मजेत लिहिलं, आता वाचवत नाही.

कानसेन
तो मूळ ट्रॅक आहे ना? मग पाचवं गाणं त्याच्या ठेक्यावर परत मिक्स करा. मूळ फाइली पाठवल्यात तर मी करून देतो. काही घेणार नाही.

फुकटचा_श्रोता
मी या धाग्यावर नवीन गाण्यांच्या विरोधात होतो आणि आहे. पण ते पाचवं गाणं मला ऐकायचंय.

खर्जातला
इतके भावुक होऊ नका, मला विनोद सुचेनासे झालेत.

अर्धीतार
उशिरानं लिहितोय, तीन आठवडे झाले.

फोन त्यानं उचलला नाही. लिहून पाठवलं, 'पण' न वापरता. (किती अवघड आहे ते! चार मसुदे झाले.) सोबत पाचव्या गाण्याचा त्याचा मूळ ठेका, कानसेननी मिक्स केलेला. ६ दिवस काहीच नाही. सातव्या दिवशी एक फाइल आली. शब्द एकही नाही. बेसवाल्याच्या त्या ४० सेकंदांवर ड्रम. आणि मुद्दाम, मला खात्री आहे मुद्दाम, समेच्या इतका मागे की मला माझी गिटार पूर्ण नव्यानं बसवावी लागली.

गेल्या रविवारी चौघं भेटलो. चौघांच्याही कानात प्लग. जुन्यातलं एक सुरू केलं, मधल्या कडव्यात मीच रस्ता चुकलो, तिथेच थांबवलं. दुसरं जुनं कुणी काढलं नाही. ४० सेकंदांचं मग अडीच मिनिटांचं झालं. गाणारीनं शब्द नसताना नुसतं 'ना ना' करत गायलं, खालच्या पट्टीत, आणि मुक्ताछंद, तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. मी तारा उतरवून आलोच होतो. म्हणालो, बोटांना सोपं जातं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

पाचव्या गाण्याबद्दल प्रत्यक्षात काहीच बोलणं झालं नाही. निघताना ड्रमवाला म्हणाला, 'मिक्स कुणी केलं? स्नेअर जरा दबलाय.' (स्नेअर म्हणजे ड्रममधला तो कडक वाजणारा.) कानसेन, तेवढं बघाल का?

कानसेन
स्नेअर दबलेला नाहीये. पण उचलतो.

मुक्ताछंद
'बोटांना सोपं जातं' :')

जुना_ठोकळा
शेवटी आलाच ना ड्रमवाल्याचा शेरा. हा माणूस ठीक आहे.

कागदी_घोडे
अडीच मिनिटांच्या गाण्याचा कागद केलात का?

अर्धीतार
@कागदी_घोडे, केला. चार समान वाटण्या, चार सह्या. नावाच्या रकान्यापाशी मात्र गाडी अडली.

खर्जातला
हां! आता तरी सांगा नाव. महिना झाला, मी पहिल्या प्रतिसादापासून विचारतोय.

अर्धीतार
तेच तर. ड्रमवाल्याची एकच अट आहे : जुनं नाव नको. बाकी दोघांनी इतक्या चटकन हो म्हटलं की १४ वर्षं ते कुणालाच आवडत नव्हतं असं दिसतंय. तेव्हा माळ्यावरच्या ३०० सीड्या राहू देत तिथेच. नवीन नाव सुचत असेल तर सुचवा.

खर्जातला
'पंख्याची घरघर'.

रिकामी_ओंजळ
'आवाजाला खोली आलीय'.

फुकटचा_श्रोता
नवीन नाव, नवीन गाणी. म्हणजे हा नवाच बँड झाला की. मग माझा विरोध कशाला होता इतके दिवस?

रेकॉर्ड झालं की दुवा टाका.